आपल्या द्राक्षांची दुसरी ओळख



आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, हे आम्ही जाणून आहोत. या मंडपात संतवाङ्मय ऐकावे, इतिहास ऐकावा, फार तर आकाशातील ग्रहताऱ्यांची वार्ता ऐकावी. तेथे वाइनचे काय काम, असे कोणी मनातल्या मनात म्हटले असेल तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. म्हणून आरंभीच एक खुलासा करतो. ओळख करून देणे निराळे आणि भलामण करणे निराळे. विषारी आणि बिनविषारी सापांतला फरक समजावून सांगणारा मनुष्य घरात साप पाळा असे सांगत नसतो. जे वाइन घेत नाहीत त्यांनी ती घ्यावी, असे आम्ही येथे एका शब्दानेही सुचवणार नाही. आणि जे घेतात त्यांना उपदेश करण्यासाठीही आम्ही उभे नाही. परंतु आपल्याच राज्यात, गोदावरीच्या खोऱ्यात, हजारो एकरांवर एक पीक उभे राहते, त्याच्यासाठी सरकार धोरणे आखते, त्याच्यावरून वर्तमानपत्रांत रणे माजतात, आणि त्या पिकाविषयी आपल्या सुशिक्षित समाजाला चार वाक्येही नीट सांगता येत नाहीत, ही गोष्ट आम्हांला बरी वाटत नाही. नाशिकची द्राक्षे आपण टोपलीत ओळखतो. तीच द्राक्षे बाटलीत गेली की आपली ओळख सुटते. ती दुसरी ओळख करून घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

द्राक्षाचा आंबवलेला रस आपल्या देशाला परका आहे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तसे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, मद्यावर देखरेख करणाऱ्या सुराध्यक्षाची कामे सांगितली आहेत. तेथे द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ असे नाव दिले असून, ज्या देशात ते होते त्या देशावरूनच त्याची कापिशायन आणि हारहूरक ही नावे पडली, असे म्हटले आहे. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेकडचा प्रदेश. मद्याला त्याच्या जन्मभूमीचे नाव द्यावे, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवावा. पुढे तो आपल्या कामी येणार आहे. आणि घरगुती दाखलाच हवा असेल तर औषधाच्या फडताळात पाहा. तेथे द्राक्षासवाची किंवा द्राक्षारिष्टाची बाटली पुष्कळ घरांत सापडेल. द्राक्षाचा काढा, गूळ आणि धायटीची फुले घालून तो आंबवला जातो, आणि त्यात आपोआप निर्माण होणारे थोडे मद्यार्क असते. उभ्या जन्मात मद्याचा थेंब न घेतलेल्या आपल्या आज्यांनी ते चमच्याने घेतलेले आहे.

आता नाशिककडे वळू. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. पावसाळा संपला की आकाश निरभ्र होते, दिवसा स्वच्छ ऊन पडते आणि रात्री गारठतात. निफाडला पारा किती खाली उतरला याची बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतोच. दिंडोरी, निफाड, नाशिक, इगतपुरी हे तालुके या दृष्टीने सुदैवी आहेत. परंतु द्राक्ष ही मुळात थंड आणि समशीतोष्ण देशांची वेल. युरोपात हिवाळा आला की तिची पाने झडतात, ती झोपी जाते आणि वसंतात जागी होते. वर्षाला एकच बहर, एकच छाटणी. आपल्याकडे वेलीला अशी झोप लागतच नाही. मग आपल्या बागायतदाराने काय केले? वर्षाला दोन छाटण्या केल्या. एप्रिलच्या उन्हात करतात ती खरड छाटणी. तिच्यातून नवी काडी तयार होते. पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात करतात ती गोडी छाटणी. तिच्यातून घड येतो. वेलीचे पंचांग असे हाताने बदलून घेतले म्हणून आपल्याकडे द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. युरोपात ती सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतात.

या एका फरकात नाशिकच्या वाइनचे सारे मर्म आहे. युरोपात द्राक्ष पिकू लागते तेव्हा हवा उन्हाळ्याकडून थंडीकडे जात असते. आपल्याकडे ते पिकू लागते तेव्हा हवा थंडीकडून उन्हाळ्याकडे जात असते. थंडीत फळातला आंबटपणा टिकतो. उन्हात साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा उतरतो. म्हणून जी जात लवकर तोडता येते, किंवा जिचा आंबटपणा मुळातच चिवट आहे, ती नाशिकला साधते. जिला रंग, वास आणि तुरटपणा पक्व होण्यासाठी फार दिवस लागतात, तिच्यासाठी बागायतदाराला उन्हाशी शर्यत लावावी लागते. कोणती वाइन नाशिकला सहज चांगली होते आणि कोणती कष्टाने, याचे उत्तर असे पंचांगातच लिहिलेले आहे.

खाण्याची द्राक्षे आणि वाइनची द्राक्षे वेगळी, हेही येथेच सांगितले पाहिजे. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश, शरद ही आपल्या ओळखीची नावे खाण्याच्या द्राक्षांची. मणी मोठा हवा, साल पातळ हवी, बी नको. त्यासाठी विरळणी करतात, संजीवकात घड बुडवतात. वाइनच्या द्राक्षाचे सगळे उलटे. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. मणी लहान असला म्हणजे रसाच्या मानाने साल अधिक येते, आणि रंग व वास सालीतच असतात. हे द्राक्ष बाजारात नेले तर गिऱ्हाईक तोंड वाकडे करील. त्याचा बेदाणाही होत नाही, कारण आत बी. म्हणजे ज्या शेतकऱ्याने वाइनची बाग लावली त्याला कारखान्यावाचून दुसरे दार नाही. हे वाक्य आपण विसरू नये, अशी आमची विनंती आहे.

या धंद्याचा आधुनिक इतिहास फार लांबचा नाही. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे शामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फसफसणारी वाइन काढली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी धाडली. नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या परिसरात, राजीव सामंत यांनी १९९७ साली शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या फ्रेंच जाती लावल्या आणि २००० साली त्यांच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. आईच्या ‘सुलभा’ या नावावरून त्यांनी आपल्या वाइनचे नाव ‘सुला’ ठेवले. २००१ साली महाराष्ट्र सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली, आणि निफाड तालुक्यात विंचूरला औद्योगिक विकास महामंडळाने वाइन उद्योगासाठी स्वतंत्र वसाहत उभी केली. दिंडोरीपासून इगतपुरीपर्यंत कारखाने निघाले. पुढे फ्रान्समधल्या शाँदों या जुन्या घराण्यानेही दिंडोरीत काम सुरू केले आणि २०१३ साली आपली फसफसणारी वाइन बाजारात आणली.

आता ही वाइन होते कशी ते थोडक्यात पाहू. द्राक्षाच्या रसात साखर असते. किण्व, म्हणजे यीस्ट, ही साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कर्बवायू करते. साखर ब्रिक्स या मापाने मोजतात. ब्रिक्सचा जो आकडा येईल त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक इतके टक्के मद्यार्क तयार होते, असा ढोबळ हिशेब आहे. बावीस ब्रिक्सच्या द्राक्षापासून साडेबारा टक्क्यांच्या आसपासची वाइन होते. साडेसातशे मिलिलिटरच्या एका बाटलीला किलोभर किंवा त्याहून थोडी अधिक द्राक्षे लागतात. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करतात आणि पोलादी टाक्यांत, थंडाव्यात, सावकाश आंबवतात. घाई केली तर वास उडून जातो. तांबड्या वाइनसाठी रस सालीबियांसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा तिथून उतरतो. काळ्या द्राक्षाची साल रसात थोडेच तास ठेवली तर गुलाबी वाइन होते. आणि फसफसणाऱ्या वाइनसाठी तयार वाइन बाटलीत भरून, थोडी साखर व किण्व घालून, बंद बाटलीतच पुन्हा आंबवतात. वायूला बाहेर पडायला वाट नसल्याने तो वाइनमध्ये जिरतो. अशा बाटलीतला दाब मोटारीच्या चाकातल्या दाबाच्या दुपटीहूनही अधिक असतो. बाटल्या जाड काचेच्या असतात आणि बुचाला तारेचे जाळे बांधतात ते यासाठीच.

एवढी पूर्वपीठिका झाल्यावर मंडळींचा एकेकीने परिचय करून घेणे सोपे आहे.

पहिली शेनिन ब्लाँ. फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या काठची ही जात. हिचा आंबटपणा असा चिवट आहे की ऊन वाढले तरी तो सहजासहजी सोडत नाही. म्हणून नाशिकला ती माहेरासारखी रुळली. पिकल्या पेरूचा, अननसाचा वास आणि बहुधा किंचित गोडी, असे तिचे रूप. येथे एक गैरसमज दूर करतो. पेरूचा वास येतो म्हणून तिच्यात पेरू घातलेला नसतो. फळांत जी वासाची द्रव्ये असतात तशीच द्रव्ये किण्वाच्या कामातून वाइनमध्ये निर्माण होतात, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी सोव्हिन्यों ब्लाँ. हिचा वास एकदा घेतला की विसरत नाही: कापलेले गवत आणि हिरवी ढोबळी मिरची. ही केवळ उपमा नव्हे. ढोबळ्या मिरचीला तिचा वास ज्या द्रव्यामुळे येतो तेच द्रव्य या द्राक्षातही असते. चव आंबट आणि कोरडी. ‘कोरडी’ हा शब्द वाइनच्या संदर्भात नेहमी येतो. त्याचा अर्थ इतकाच की साखर उरलेली नाही.

तिसरी झिनफँडेल. नाशिकला हिची गुलाबी वाइन पुष्कळ खपते. सौम्य, थोडी गोड, स्ट्रॉबेरीची आठवण करून देणारी. हिच्या कुळाची कथा मनोरंजक आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने ही जात आपली म्हणून वाढवली. पण २००१ साली वंशतत्त्वाच्या तपासणीवरून असे सिद्ध झाले की ती क्रोएशियाच्या किनाऱ्यावरची एक जुनी, जवळजवळ विसरलेली वेल आहे. म्हणजे एड्रियाटिकच्या किनाऱ्यावरून कॅलिफोर्नियाला आणि तेथून गोदाकाठी, असा तिचा प्रवास झाला.

चौथी शिराझ, तांबडी. नाव इराणातल्या शिराझ शहराचे, पण वेल तिथली नव्हे. तिचे आईबाप फ्रान्समधलेच आहेत असे वंशतत्त्वाच्या तपासणीत आढळले. नाव आणि जन्मस्थान यांची फारकत अशीही होऊ शकते. हिची खूण म्हणजे काळ्या मिरीचा वास. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले की मिरीला आणि शिराझला हा वास एकाच द्रव्यामुळे येतो. नाशिकच्या तांबड्या वाइनांत हीच अधिक विश्वासाची.

पाचवी काबर्ने सोव्हिन्यों, जगभर मिरवणारी. पांढऱ्या सोव्हिन्यों ब्लाँचा आणि काळ्या काबर्ने फ्राँचा कधी काळी बागेत आपोआप संकर होऊन ती जन्मली, हे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ठरले. साल जाड, तुरटपणा भरपूर. तो तुरटपणा पक्व व्हायला वेळ लागतो आणि तोवर नाशिकचा मार्च तापलेला असतो. म्हणून ही वाइन चांगली निघाली तर तिच्यामागे बागायतदाराचे जास्तीचे कष्ट आहेत असे समजावे. सहावी फसफसणारी. तिला शॅम्पेन म्हणू नये. ते नाव फ्रान्समधल्या त्याच नावाच्या प्रांताचे आहे. नाशिकला मात्र ती सुरेख साधते, कारण तिच्यासाठी द्राक्षे लवकर, आंबट असतानाच तोडायची असतात.

व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांविषयी चुकीचे समज फार आहेत. ‘जुने ते सोने’ ही म्हण येथे लागू पडत नाही. या भागातल्या बहुतेक लोकप्रिय वाइन, विशेषतः पांढऱ्या, वर्षा-दोन वर्षांत संपवण्यासाठीच केलेल्या असतात. कपाटात दहा वर्षे जपलेली बाटली उघडली तर पश्चात्तापच हाती येईल. दुसरे असे की, तांबडी वाइन घरातल्या हवेच्या उष्णतेवर घ्यावी असे पुस्तकांत लिहिलेले असते. ते घर युरोपातले, सोळा-अठरा अंशांचे. आपल्याकडचा वैशाख त्या पुस्तकाच्या लेखकाने पाहिलेला नसतो. जेवणाशी जोड घालायची तर तुरट तांबडी वाइन आणि आपला झणझणीत रस्सा यांचे जमत नाही. तुरटपणाने आणि मद्यार्काने तिखट अधिकच झोंबते. किंचित गोड, थंड पांढरी वाइन तिखटाला अधिक सोसते.

आता एका अडचणीच्या प्रश्नाकडे येतो. वाइन ही दारू आहे की नाही? २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचे ठरवले तेव्हा हा वाद गावोगाव झाला. एक पक्ष म्हणे, वाइन म्हणजे दारू नव्हेच, तो फळांचा रस. दुसरा पक्ष म्हणे, महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र होणार. आमच्या मते दोन्ही पक्षांनी आकडेमोड केली नाही. दीडशे मिलिलिटरच्या एका प्याल्यात, साडेबारा टक्क्यांच्या वाइनमध्ये, सुमारे पंधरा ग्रॅम मद्यार्क असते. तीस मिलिलिटरच्या लहान पेगात, व्हिस्कीत किंवा रममध्ये, ते दहा ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे वाइनचा एक प्याला लहान पेगाहून हलका नाही, थोडा भारीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले की मद्यार्काचे कोणतेही प्रमाण प्रकृतीला निर्धोक म्हणता येत नाही. तेव्हा ‘हृदयाला बरी’ असे म्हणून कोणी बाटली पुढे केली तर त्याने आपली फसवणूक करून घेऊ नये. ज्या घरात दारूने संसार धुऊन नेला आहे, त्या घरातल्या बाईला फळांच्या रसाची गोष्ट सांगणे म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळणे होय.

कोणी म्हणेल, मग एवढा परिचय करून घेण्याचा खटाटोप कशासाठी? सगळे बंद करून टाकले की झाले! येथे आम्हांला मघाच्या त्या वाक्याची आठवण द्यावीशी वाटते: वाइनच्या बागेला कारखान्यावाचून दुसरे दार नाही. २००१ नंतर पुष्कळ शेतकऱ्यांनी करार करून या बागा लावल्या. खुंट लावायचे, त्यावर कलम भरायचे, लोखंडी अँगल आणि तारा उभारायच्या, ठिबक टाकायचे, आणि मग दोन-तीन वर्षांनी पहिले पीक. सारे कर्जावर. २००८ साली जगभर मंदी आली; त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला आणि मोठमोठी हॉटेले ओस पडली. वाइन तिथेच खपत होती. कारखान्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या आणि नवी द्राक्षे कोणी घेईना. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाच्या अवकाळी पावसाने उरलेसुरले झोडपले. कित्येकांनी वाइनच्या वेली मुळापासून काढल्या, कित्येकांनी त्याच खुंटांवर खाण्याच्या द्राक्षांची कलमे केली. ज्या वेली उभ्या करायला तीन वर्षे लागली त्या उपटायला तीन दिवसही लागले नसतील.

हे का घडले, याचा विचार करताना मंदी आणि वादळ यांच्या पलीकडे आम्हांला आणखी एक कारण दिसते. या वाइनला जाणते गिऱ्हाईक नव्हते. मुंबईच्या हॉटेलात ती प्रतिष्ठेची वस्तू म्हणून खपत होती. प्रतिष्ठा सरली की खपही सरला. ज्या मातीत ती पिकते तेथील समाजाला तिचे बरेवाईट काहीच ठाऊक नव्हते. त्याला तिचा एकतर तिटकारा होता नाहीतर नवल. याच्या उलट आपल्या हापूस आंब्याकडे पाहा. देवगडचा कोणता, रत्नागिरीचा कोणता, हे पुण्यामुंबईच्या पुष्कळ गिऱ्हाइकांना वासावरून सांगता येते. म्हणून दुसऱ्या प्रांताचा आंबा हापूस म्हणून खपवणाऱ्याला निदान थोडी भीती असते, आणि चांगले फळ पिकवणाऱ्याला दोन पैसे अधिक मिळण्याची आशा असते. जाणते गिऱ्हाईक हाच प्रामाणिक बागायतदाराचा खरा कैवारी. सरकारी सवलत आज असते, उद्या नसते.

नावाची किंमत येथे कळते. आपल्याकडे ‘पोर्ट’ या नावाने एक गोड तांबडी वाइन कित्येक वर्षे विकली जात आहे. गोव्याहून येताना लोक ती पिशवीत घालून आणतात, आणि वाइन म्हणजे हीच असे पुष्कळांना वाटते. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरो नदीच्या खोऱ्यातली. आंबणे अर्ध्यात थांबवून तिच्यात द्राक्षांचा अर्क घालतात. मद्यार्क वीस टक्क्यांच्या आसपास. बनावट वाढली आणि नाव बुडू लागले तेव्हा १७५६ साली पोर्तुगालचा प्रधान पोंबालचा मार्क्विस याने त्या खोऱ्याची सीमा आखून दिली: या सीमेतल्या द्राक्षांचीच पोर्ट. आपल्या गोड बाटलीचे तिच्याशी नाते नावापुरते. कौटिल्याने जी गोष्ट एका वाक्यात सांगितली, की मद्याला त्याच्या देशाचे नाव असते, तीच पोर्तुगालने कायद्याने केली. आपल्या ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावालाही आता भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली आहे. परंतु नोंदणी कागदावर असते. नाव टिकते ते लोकांच्या जिभेवर आणि लोकांच्या प्रश्नांवर. द्राक्षे कोणत्या तालुक्यातली, जात कोणती, तोडणी कोणत्या वर्षाची, साखर किती, मद्यार्क किती, असे प्रश्न बाटली घेणारा विचारू लागला की बाटली करणाऱ्याला ते चिठ्ठीवर खरे लिहावे लागते.

आणि जाणते होण्यासाठी पिणे आवश्यक आहे, असेही नाही. ज्यांचा हा पेशाच आहे ती तज्ज्ञ मंडळी वाइन तोंडात घोळवून थुंकून टाकतात. जे स्पर्शही करीत नाहीत त्यांनी फेब्रुवारीत दिंडोरीकडे जावे, कोणा बागायतदाराची परवानगी घेऊन शिराझचा एक मणी वेलीवरून तोडून खावा. साल दातांना लागेल, बी कडवट लागेल, आणि साखर मात्र थॉमसनच्या वर चढलेली असेल. एका मण्यात पुष्कळ ज्ञान आहे. मग त्या बागायतदाराला करार कसा आहे, दर कोण ठरवतो, ब्रिक्स कोण मोजतो, पाऊस आला तर तोटा कोणाचा, हे विचारावे. परवान्यांचा आणि सवलतींचा वाद पुन्हा निघेल तेव्हा असा मनुष्य ‘फळांचा रस’ म्हणणाऱ्यालाही गप्प करील आणि बागायतदाराला गुन्हेगार ठरवणाऱ्यालाही.

भगिनींनो आणि बंधूंनो, एखाद्या वस्तूचा तिटकारा करायचा असेल तर तो जाणून करावा, आणि कौतुक करायचे असेल तर तेही जाणून करावे. न जाणता केलेल्या तिटकाऱ्याने दारूबाज सुधारत नाही, आणि न जाणता केलेल्या कौतुकाने शेतकरी जगत नाही. नाशिकच्या बागेत जे पिकते ते आपल्याच भूमीचे आहे. त्याचे गुण आपले आहेत, त्याचे दोषही आपलेच आहेत, आणि दोहोंचा हिशेब ठेवण्याची जबाबदारीही आपल्यावरच आहे. त्या हिशेबाची वही उघडण्यापुरते हे चार शब्द.